मौनाच्या दिवशी वाजलेली घंटा

मित्रांनो, मी जुनी आहे, पितळेची आहे आणि मधली काही वर्षे मुकी होते. मी एका योगाश्रमाची घंटा.

चिकपेटेच्या बाजारातल्या एका ओताऱ्याने मला घडवले. योग शिकवणाऱ्या तुंगाबाईंनी मला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे, नारळाच्या बागेतल्या त्यांच्या आश्रमात नेऊन ओसरीवर टांगले. शिबिराला राहायला आलेली माणसे माझ्या आवाजाने उठत, आसनांना उभी राहत, यम-नियमांच्या पाठाला बसत. "हिचा नाद ऐकला की मन जागेवर येतं," असे तुंगाबाई म्हणत. मी फुलून जाई.

पुढे व्यवस्थापक म्हणून प्राणेश आले. त्यांनी माझ्याऐवजी स्पीकरवर बासरी लावली. मी वाऱ्याने उगाच वाजू नये म्हणून माझा लोळा, म्हणजे माझी जीभच, फडक्याने बांधली. मला पुसत मात्र नेमाने. मी चकाकत होते आणि गप्प होते.

यंदा शिबिराला इंदिरानगरचे रघुनंदन आणि त्यांची मुलगी आश्लेषा आले. रघुनंदनांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचे साड्यांचे दुकान. बोलणे हाच धंदा. तुंगाबाईंचा प्रश्न संपण्याआधी त्यांचे उत्तर तयार असे. शिबिरात एक दिवस मौनाचा असे; शिबिराला आलेल्यांनी सूर्य मावळेपर्यंत बोलायचे नाही. त्या मौनाच्या आदल्या संध्याकाळी आश्लेषा माझ्याखाली उभी राहून म्हणाली, "अण्णा, माझं एक वाक्य तरी कधी पुरं ऐकलंत? उद्या जेवणापर्यंतसुद्धा टिकणार नाही तुम्ही."

"सूर्य मावळेपर्यंत टिकतो. बघच तू!"

अण्णांना ते लागले होते.

दुसऱ्या दिवशी सगळे अंगणात आसने करत होते. स्वयंपाक करणाऱ्या गोदूबाई कढीलिंब तोडायला मागे गेल्या आणि माकडांची टोळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उतरली. ती फक्त अण्णांना दिसली. त्यांचे तोंड उघडले. त्यांनी ते हाताने दाबले. मग सर्वांपुढे जाऊन ते माकडासारखे बगला खाजवू लागले, उड्या मारू लागले.

सगळ्यांना वाटले, नवे आसन! तेही गंभीर चेहऱ्याने बगला खाजवू लागले. प्राणेश तर डोळे मिटून.

अण्णा माझ्याकडे धावले. त्यांनी फडके ओढून काढले आणि मला असे वाजवले की बागेतले कावळेसुद्धा उडाले. माकडे पळाली. तुंगाबाई बाहेर आल्या. गोदूबाई ओरडत आल्या, "अगंबाई, माझा बिसीबेळे भात!" भात वाचला होता. केळ्यांचा घड गेला होता.

"अण्णा, हरलात! मौन मोडलंत!" आश्लेषा ओरडली.

"बोलली ती घंटा," तुंगाबाई म्हणाल्या, "आणि आता तू. त्यांनी कुठं मोडलं? सरी, बरं, तुझं मोडलंच आहे, तर बोलूनच घे."

सगळे आवाज न करता पोट धरून हसले.

दुपारी आश्लेषा वडिलांना घेऊन माझ्याखाली बसली. एचएसआर लेआउटमधली नोकरी सोडून तिला कुंभारकाम शिकायचे होते. किती महिने ती हे सांगू पाहत होती! अण्णांचे ओठ हलले, पुन्हा हलले आणि मिटले. त्यांनी सगळे ऐकले. सूर्य मावळल्यावर मौन सुटल्याची घंटा त्यांनीच दिली. मग त्यांचा पहिला शब्द निघाला, "पुढं?"

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या पुसून टांगू नका, त्यांना त्यांचे काम करू द्या. बासरी अजून सकाळी वाजते, पण जेवणाची हाक माझी असते. आणि ते फडके? गोदूबाई त्याने गरम पातेली उतरवतात.