कुंपण नसलेलं फाटक

"बा, मागल्या साली लावल्याला रंग अजून तसाच हाय की," लोरेन म्हणाली. "आन परत कशापायी?"

"जून लागला," एनार म्हणाला आणि त्यानं ब्रश डब्यात बुडवला. त्याच्या लेखी एवढं उत्तर पुरेसं होतं.

फाटक मोठं झोकात होतं. ओकच्या जाड फळ्या, लोखंडी बिजागऱ्या, हातभर लांब कडी. गोठा आणि कुरण यांच्या बरोबर मध्ये ते उभं होतं. नव्हतं ते फक्त कुंपण. एनारच्या बापानं, हालवोर ट्वेटननं, दुष्काळाच्या सालात कुंपणाची तार काढून लांबच्या वावराला नेली, खांब चुलीत गेले आणि फाटक तेवढं राहिलं. त्याच्या डावीकडे नजर पोचेल तिथपर्यंत गवत आणि उजवीकडेही तेच. नॉर्थ डाकोटात नजर अडवायला दुसरं असतंय काय?

तरी ट्वेटनांच्या घरातलं माणूस असो की जनावर, ये-जा करायची ती फाटकातूनच, आणि मागं कडी घालायची. हालवोर तसं सांगून गेला होता. मरताना त्यानं लेकाचा हात धरला, पण जमिनीविषयी काही बोलला नाही, बायकोविषयी बोलला नाही. "फाटक लावत जा," एवढंच म्हणाला आणि डोळे मिटले. उशाशी बसलेल्या पाद्रीबाबांनासुद्धा ते जरा चमत्कारिक वाटलं होतं.

एनार तेव्हा विशीत होता, आता साठी उलटली. एवढ्या आयुष्यात त्यानं फाटकाला एकदाही वळसा घातला नव्हता. हिवाळ्यात फाटकापुढं कमरेएवढा बर्फ साचायचा. दोन्ही अंगांना वाऱ्यानं जमीन झाडून स्वच्छ केलेली असायची, पण हा बाबा फावडं घेऊन फाटकापुढचा बर्फ उपसायचा, कडी काढायचा, पलीकडे जायचा आणि पुन्हा कडी घालायचा. लोरेनचा नवरा या फाटकापायी संसार सोडून शहरात पळाला असं लोक म्हणत. ते सगळं खरं नव्हतं, पण अगदीच खोटंही नव्हतं. लोरेननं आपला तोडगा काढला होता. बाप बघत असला की फाटकातून जायचं आणि बघत नसला की बाजूनं.

गाईंना मात्र असला दुटप्पीपणा जमत नव्हता. डागमार ही त्यांची म्होरकी. तिची आई फाटकातून यायची, आजी फाटकातून यायची, म्हणून ही यायची, आणि हिच्या मागं बाकीच्या. संध्याकाळी सगळ्या ओळीनं फाटकापुढं येऊन रवंथ करत उभ्या राहत आणि कडी निघाली की एकेक करून आत शिरत. त्यांच्या दुधावर घर चालत होतं.

रंग दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. दुपार कलली आणि पश्चिमेला आभाळ काळं-हिरवं झालं. एनार कुरणात होता. असल्या रंगाचं आभाळ म्हणजे गारा, हे त्याला सांगायला नको होतं. मागल्या साली असल्याच गारांनी शेजारच्या म्हाताऱ्या सिगुर्डची वासरं उघड्यावर मेली होती. एनारनं हाळी घातली आणि डागमार सगळ्यांना घेऊन ओळीनं फाटकापुढं येऊन उभी राहिली.

एनारनं कडीला हात घातला. कडी हलेना. दोन्ही हातांनी ओढली, तरी हलेना. चाळीसेक सालांचे रंगाचे थर एकावर एक चढून कडी मुळातच फुगली होती आणि काल दिलेला, सकाळपर्यंत ओलाच असलेला थर दुपारच्या उन्हात वाळून तिच्या फटीत पक्का बसला होता.

लोरेन घरातून धावत आली. ती फाटकाच्या पलीकडे, गोठ्याच्या बाजूला उभी राहिली.

"काय झालं?"

"कडी बसलीया. हातोडा आन गोठ्यातनं."

"बा, हातोडा कशाला? या की बाजूनं."

"हातोडा आन म्हनलं न्हवं."

लोरेननं हातोडा आणला, पण उगारल्यावर एनारनंच तिचा हात धरला. बापानं बसवलेल्या कडीवर घाव घालायचा त्याला धीर होईना. मग ती चिडली. वळसा घालून कुरणात गेली आणि गाईंना बाजूनं हाकलू लागली. गाई चार पावलं जात, आणि फिरून परत ओळीत येत. तिनं पेंडीची बादली आणून फाटकाच्या बाजूला खुळखुळवली. डागमारनं बादलीकडे पाहिलं, मग एनारकडे पाहिलं आणि जागची हलली नाही.

"बगा," लोरेन म्हणाली. तिला रडू यायला लागलं होतं. "ही तुमच्याबिगर हलायची न्हाई. तुमी फुडं झालासा तर येतील. मरतील वो बा सगळ्या."

वीज कडाडली. एनारला सगळं कळत होतं. पण पाय काही बाजूला पडेना. शेवटी त्यानं स्वतःपुरता मार्ग काढला. बाजूनं नाही, वरून जायचं म्हणून तो फाटकावर चढला. एक तंगडी इकडं आणि एक तंगडी तिकडं झाली आणि विजारीचा पाय वरच्या खिळ्यात अडकला.

नेमका तेव्हाच सिगुर्ड त्याच्या जुनाट गाडीतून आला. ऐंशीच्या पुढचा माणूस. आपल्या घराच्या ओट्यावर बसल्या बसल्या त्यानं वादळात रांग लावून उभ्या राहिलेल्या गाई पाहिल्या होत्या.

"बसलास व्हय?" तो गाडीतून उतरत म्हणाला. "बस. मला बी जरा बोलायचंच हाय."

"सिगुर्डकाका, ही येळ हाय का बोलायची?"

"तू खाली असतास तर निघून गेला असतास. ऐक. तुझा बा रोज सांजचा माझ्याकडं पत्ते खेळाय यायचा."

"बा पत्त्याला शिवत न्हवता."

"शिवत न्हवता? हरला की पानं फेकायचा माझ्या अंगावर. आन यायचा कुठनं, ठावं हाय? ह्या बाजूनं." सिगुर्डनं काठीनं फाटकाच्या डावीकडचं गवत दाखवलं. "रोज. फाटक उघडलं की करकरायचं आन तुझ्या आईचे कान लई तिखट. पत्ते म्हंजे पाप म्हनायची माउली. म्हनून जोडे हातात घेऊन ह्या गवतातनं यायचा चोरावानी."

एनारनं अडकलेली विजार ओढून पाहिली. टपोरे थेंब सुरू झाले.

"मंग मरताना मला का म्हनला, फाटक लावत जा?"

"त्यो फाटकात गाई मोजायचा. येक जरी भाईर ऱ्हायली तरी झोप यायची न्हाई त्याला. म्हनून म्हनला आसंल. न्हाईतर फाटक वाऱ्यानं आदळत आसंल त्या टायमाला. मला काय ठावं? मेल्याल्या मानसाला इचाराय जाऊ?"

"आन तुमी मला आत्ता सांगताय?"

"तुझी आई जित्ती असंपातुर बोलायचं न्हाई आसा शब्द दिल्ता त्याला. ती गेली तवर तू रंग द्याय लागल्याला. म्हनलं आसंल हौस."

एनारला आधी संताप आला. मग उपसलेला सगळा बर्फ एकदम आठवला आणि फार वाईट वाटलं. बापानं हे गुपित सगळ्या दुनियेत एकट्या सिगुर्डला सांगावं आणि आपल्याला नाही, हे त्याला जास्त लागलं. तेवढ्यात पहिली गार डागमारच्या पाठीवर आपटली. ती दचकली, पण रांग सोडून गेली नाही. मान वर करून तिनं एनारकडे पाहिलं.

"हिला कुनी शिकवलं गं हे?" एनार म्हणाला.

"तुमीच," लोरेन म्हणाली.

त्यानं विजार फाडून पाय सोडवला आणि गाईंच्या बाजूला उडी घेतली. मग एका दगडावर टेकून तो बूट काढू लागला.

"बा, आता ह्ये काय?" लोरेन ओरडली.

तो उठला. एका हातात बूट, दुसऱ्या हातात डागमारच्या गळ्यातला पट्टा. डोळे मिटून त्यानं डावीकडच्या गवतात पाऊल टाकलं. काही झालं नाही. दुसरं टाकलं. डागमार ताठली, फाटकाकडे वळून हंबरली आणि मग त्याच्या मागून चालू लागली. तिच्या मागं बाकीच्या, तशाच एकेक करून ओळीनं. पाठीवर, डोक्यावर, उघड्या पायांवर गारा बसत होत्या. शेवटची गाय गोठ्यात शिरली आणि पत्र्यावर असा मारा सुरू झाला की बोललेलं ऐकू येईना.

गारा थांबल्यावर लोरेननं बापाचे सुजलेले पाय गरम पाण्याच्या टोपात घातले. सिगुर्ड कॉफी पीत बसला होता.

"बूट का काढलंसा?" तिनं विचारलं.

"बा तसाच जायचा न्हवं."

"आवो, आजा आजीला चोरून जायचा. आजीला जाऊन किती सालं झाली. तुमी कुनाला चोरून गेलासा?"

एनारनं एक पाय पाण्याबाहेर काढून पाहिला.

"बालाच," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. सिगुर्डसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा झाल्या. एनारनं सुजल्या पायांत बूट घातले आणि नाड्या आवळून बांधल्या. फाटक जागच्या जागी होतं, गारांनी त्याचा ताजा रंग ठिकठिकाणी उडाला होता. डागमार सवयीनं त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. एनारनं तिच्या गळ्यातला पट्टा धरला आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा खाकरत तो तिला घेऊन फाटकाच्या बाजूनं कुरणात गेला.