नापास टायर

"मॅडम, साहेबांना पाठवा ना. टायरचं लेडीज लोकांना नाय समजत," मरोळचा टायरवाला चंद्रप्रकाश म्हणाला आणि त्याने एक टायर जागच्या जागी गरगर फिरवून दाखवला. "हे घ्या. कारचे आहेत, एकदम सॉफ्ट. झकास पळेल तुमची गाडी."

"ती पळणार नाहीये, तिला ओढून न्यायचंय," नीला साळवी म्हणाली. "ट्रेलर आहे. जीपच्या मागे लावायचा, राहायचा ट्रेलर. आत दोन बाक, ओटा, संडास. पाण्याची टाकी भरून काट्यावर वजन करून आणलंय मी, अकराशे किलो भरलं. चाकं दोनच. मला एकेक टायर सातशे किलो झेलणारा पाहिजे. हा किती झेलतो? वाचा बघू."

चंद्रप्रकाशने टायरवरचा आकडा पाहिला आणि टायर बाजूला ठेवला.

"टेम्पोचे दाखवा," ती म्हणाली.

टेम्पोचे आले. नीलाने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, गुडघा कुरकुरला तरी उकिडवी बसली आणि टायरच्या कडेवर बोट फिरवत चार आकड्यांपाशी थांबली. टायर कधी बनला ते त्यात असतं: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "हा तीन वर्षं तुमच्याकडेच झोपलाय की! नको. यंदाचा काढा."

"मॅडम, तुम्ही कुठे कामाला होता?" चंद्रप्रकाशने आता जरा जपून विचारलं.

ती विक्रोळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होती. हातात पांढरा खडू. बरोबरची खूण केली की माल पुढे, फुली मारली की भंगारात. तो खडू तपासनिसाशिवाय कोणी हातात घ्यायचा नाही, असा तिथला कडक दंडक होता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने लेथवर काम करणाऱ्या अनंत साळवी नावाच्या टर्नरच्या चाळीस नगांवर फुल्या मारल्या होत्या. तो तावातावाने भांडायला आला, चहा पिऊन गेला आणि वर्षाच्या आत तिच्याशीच लग्न करून मोकळा झाला.

हा ट्रेलर निवृत्त झाल्यावर अनंतनेच मित्राच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधला. दोन वर्षं डिसेंबरात दोघं गुहागरला जाऊन समुद्रासमोर राहून आली. मग त्याला कंपवाताने गाठलं. हॉटेलात एकदा आमटीची वाटी शर्टावर सांडली, शेजारच्या टेबलावरची माणसं बघत राहिली, आणि त्या दिवसापासून अनंतने बाहेर जेवणं सोडलं, पाहुण्यांकडे जाणं सोडलं. ट्रेलरमध्ये बघणारं कोणी नव्हतं. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, वर्षअखेरीपर्यंत चालणंही अवघड होईल. घरी येताना रिक्षात अनंत एवढंच म्हणाला, "समुद्र एकदा बघायला हवा होता." त्याने काही मागितलं नव्हतं. म्हणूनच नीलाने मनाशी पक्कं केलं की जायचंच, आणि याच महिन्यात. त्रेसष्टाव्या वर्षी ती ट्रेलर लावलेली जीप मागे घ्यायला शिकली. सोसायटीच्या दोन कुंड्या त्यात शहीद झाल्या, पण शिकली.

टायरचा प्रश्न तर डोक्यातही नव्हता. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीच्या आवारात ट्रेलर उभा असायचा आणि दर शनिवारी अनंत वाटीत खोबरेल तेल घेऊन खाली जायचा, फडक्याने टायर चोळायचा. आरशासारखे चमकायचे. बटण लावायला, सही करायला त्याचे हात उपयोगाचे उरले नव्हते, पण चोळताना हात थरथरला तरी काही बिघडत नाही. थंडीत तेल थिजलं की नीलाच वाटी गरम करून द्यायची. काट्यावरून परत आल्यावर धूळ बसली म्हणून तिने टायर साबणाने धुतले, तेव्हा कुठे चमक उतरली आणि खालच्या बारीक भेगा दिसल्या. नक्षी कोरी करकरीत, आणि कडा पार उकललेल्या.

तिने मोबाईलवरचा फोटो चंद्रप्रकाशला दाखवला.

"अरे, वाट लागली याची! तेल लावता काय? तेल रबराला खातं, मॅडम. हायवेवर फुटला असता."

"मीच लावते," नीला म्हणाली. आयुष्यात तिने खोटा शेरा कधी मारला नव्हता. हा पहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रप्रकाश स्वतः तीन टायर घेऊन मुलुंडला आला. दोन चाकांचे आणि एक जादा. अनंत खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. जुने टायर उन्हाने खराब झाले, एवढंच नीलाने त्याला सांगून ठेवलं होतं. चंद्रप्रकाशने जॅक लावला, चाकं उतरवली, त्यांवर नवे टायर चढवून हवा भरली आणि गप्पांच्या ओघात म्हणाला, "काका, काकींना सांगा जरा. तेल लावून लावून टायरची वाट लावली त्यांनी."

अनंतने आधी टायरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तिने नाही लावलं," तो म्हणाला. "मी लावायचो. तीन वर्षं."

"वाटी मी गरम करून द्यायचे," नीला घाईने म्हणाली. "कोकणातली माणसं आपण. डोक्याला तेल, पायाला तेल, म्हटलं टायरलाही चालत असेल."

अनंत हसला नाही. "परत नापास केलंस ना?"

"टायर नापास केलेत रे. तुला नाही."

"मग माझ्यापासून लपवायचं नाही. टर्नरला कळलं पाहिजे माल का गेला ते." त्याने हात पुढे केला. "खडू दे."

कमरेच्या पिशवीत खडू ठेवायची सवय तिची अजून गेली नव्हती. तिने क्षणभर त्याच्या हाताकडे पाहिलं. चौतीस वर्षांत तिने तो खडू कोणाला दिला नव्हता, मॅनेजरलासुद्धा नाही. तिने तो त्याच्या बोटांत नीट बसवून दिला.

अनंतने खुर्चीवरून वाकून जुन्या दोन्ही टायरांवर फुली मारली. वाकडीतिकडी, पण ठसठशीत. मग नव्या टायरांकडे बोट केलं. "हे बघितलेस तू?"

"बघितले. यंदाचे आहेत. सातशे किलो."

"हवा?"

"तीही बघितली."

चंद्रप्रकाशने नवी चाकं ट्रेलरला बसवून पान्याने घट्ट केली. अनंत तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठला आणि बसवलेल्या नव्या चाकापर्यंत चार पावलं चालत गेला. बरोबरची खूण करायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. पहिली निसटली, दुसरी अर्धवट राहिली, तिसरी जमली. टायरच्या काळ्या कडेवर तीन खुणा एकीवर एक चढून बसल्या.

नीला सवयीने फडकं घेऊन पुढे झाली, वरच्या दोन पुसायला. मग तिने ते फडकं घडी करून पिशवीत ठेवलं आणि जीप मागे घ्यायला निघाली.