शिवहारचा खांदा

दुसऱ्याच्या दुखण्यावर माणसाला किती भूक लागते हे पाहायचं असेल, तर दिवाळीनंतर डोंगरकड्याच्या फाट्यावर खेमाच्या हॉटेलात जाऊन बसावं. कबड्डीचा हंगाम तोंडावर आला की तिथली कढई थंड होत नाही आणि सावळेवाडीच्या पोरांच्या हाडांचा विषय काही संपत नाही.

यंदा तर चंगळच होती. आखाडा बाळापूरच्या मैदानावर हंगामातला पहिलाच सामना फाट्यालगतचा तांडा विरुद्ध सावळेवाडी असा निघाला होता, आणि सावळेवाडीचा निम्मा संघ खाटेवर पडल्याच्या खबरा येत होत्या.

“तातेरावला कावीळ झाली,” खेमा झाऱ्यानं भजी उलटवत म्हणाला.

“पक्की का? उगं ताप असंल तर चार दिसांत उतरून जाईल,” म्हातारा भीमसिंग म्हणाला. तो स्वतः कधी मैदानात उतरला नव्हता, पण तांड्याचा एकही सामना त्यानं चुकवला नव्हता.

“पक्की हाय. डोळे पिवळेजर्द झाले म्हणे.”

“बराबर. आन् तो उंच पोरगा?”

“त्याचं बोट मळणीयंत्रात गेलं.”

“पुरं गेलं?”

“न्हाई. नख गेलं.”

“नख काय कामाचं,” असं म्हणून भीमसिंग मनापासून हळहळला.

हे असं चालायचं. एखाद्याचं बोट थोडक्यात वाचलं म्हणून इथं दुखवटा पाळला जाई. पण ही सगळी चिल्लर होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. खरा सवाल एकच होता: वाडीचा सगळ्यात जबर गडी शिवहार, त्याचं काय? तो मोटारसायकलीवरून पडला असं कुणी म्हणे. लागलं काहीच नाही, वाडीवाले मुद्दाम आवई उठवताहेत, असं दुसरा म्हणे. शिवहारचं नाव निघालं की सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या बाकड्याकडे वळत, कारण तिथं सुदाम बसलेला असे.

शिवहारवर पहिला हक्क सुदामचा होता. गेल्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात सुदामचा धाकटा भाऊ प्रेमदास चढाईला गेला होता. तांड्यात त्याच्याइतकं चपळ पोरगं दुसरं नव्हतं. शिवहारनं त्याचा घोटा धरला, बाकीचे अंगावर पडले, पंचाची शिट्टीसुद्धा वाजली, पण शिवहारनं पाय सोडला नाही. उलट पिळला. गुडघ्याचा आवाज रेषेबाहेर बसलेल्यांनी ऐकला. प्रेमदास तेव्हा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यानं धावत होता. आता तो घरच्या पिठाच्या गिरणीत एक पाय लांब करून बसतो आणि आल्यागेल्याचं दळण दळून देतो.

तेव्हापासून सुदामच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बाळापूरच्या त्याच मैदानावर, त्याच लोकांसमोर शिवहारला उचलून न्यावं लागलं पाहिजे, एवढी एकच इच्छा धरून त्यानं वर्ष काढलं होतं. तांडाही त्याच्या पाठीशी होता. सुदाम हॉटेलात शिरला की बाकड्यावरची माणसं सरकून जागा देत, त्याच्या पुढ्यात न मागता चहा येई. एरवी चारचौघांसारखा असलेला हा माणूस भावाच्या गुडघ्यामुळे मोठा झाला होता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यानं सांगणाऱ्याचं थोबाड फोडलं असतं.

“खरं-खोटं मी काढतो,” एक दिवस सुदाम म्हणाला, आणि त्यानं जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्यानं सावळेवाडीला निरोप पाठवून शिवहारच्या बापाची, पुंजाजीची मेंढरं आपल्या रानात बसवायला बोलावली.

सोयाबीन निघाल्यावर आणि हरभरा पेरायच्या आत, मोकळ्या रानात मेंढरं बसवायची ही इकडची जुनी रीत. कळप रात्री रानात कोंडला की फुकटात खत पडतं. मेंढपाळाला त्याबदली धान्य द्यायचं, आणि तो रानात आहे तोवर त्याला घरच्या पाहुण्यासारखं वागवायचं. पुंजाजी पूर्वी दरवर्षी येई. प्रेमदासचा पाय मोडल्यापासून त्यानं तांड्याची वाट सोडली होती. निरोप मिळाल्यावर म्हाताऱ्याला वाटलं, या लोकांनी मन मोठं केलं. तो दुसऱ्याच दिवशी बायकोला आणि शिवहारला घेऊन आला.

“ज्यानं प्रेमदासचा पाय मोडला त्यालाच रानात आणून जेवू घालता?” सुदामची बायको संगिता भाकरी थापता थापता म्हणाली.

“खत पायजे रानाला.”

“खत काय पुंजाजीच्याच मेंढरात हाय?”

सुदाम भाकरीचं फडकं उचलून निघाला. ओट्यावर बसलेल्या प्रेमदासनं हे सगळं ऐकलं. तो हल्ली फारसं बोलतच नसे, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे.

दोन्ही वेळची भाकरी सुदाम स्वतः घेऊन जाऊ लागला. इतकी पाहुणचाराची हौस त्यानं सोयऱ्याधायऱ्यांसाठी कधी दाखवली नव्हती. बांधावर बसून तो डोळ्यांत तेल घालून शिवहारकडे पाहत राही. पहिल्याच संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की कळपाभोवती जाळी लावताना खुंट्या ठोकायचं काम शिवहारची आई पंचफुलाबाई करते आहे आणि तिचा पहिलवान पोरगा नुसत्या खुंट्या धरतो आहे. तेही डाव्या हातानं. कोकरू उचलायचं तर शिवहार आधी खाली बसे. उजवा हात तो पोटाशी धरून ठेवी.

“प्रेमदास कसा हाय?” शिवहारनं एकदा खाली बघत विचारलं.

“बरा हाय,” सुदाम म्हणाला. विचारायला याला तोंड तरी कसं होतं, या विचारानं त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्यानं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी ज्वारी द्यायची म्हणून तो बैलगाडी घेऊन गेला. गाडीत उभं राहून त्यानं अर्धं पोतं उचललं आणि खाली उभ्या शिवहारला म्हणाला, “वरच्यावर धर.” शिवहारला नाही म्हणता आलं नाही. त्यानं दोन्ही हात वर केले. उजवा खांद्यापर्यंत आला आणि तिथंच अडला. सुदामनं पोतं सोडलं. ते खाली पडून फाटलं, ज्वारी ढेकळांत सांडली आणि शिवहार खांदा धरून मटकन खाली बसला. त्याच्या ओठावर घाम आला होता.

पुंजाजी लगबगीनं ज्वारी गोळा करू लागला. पंचफुलाबाई मात्र सरळ सुदामपुढे येऊन उभी राहिली.

“सुदामराव, कुणाला बोलू नगा. गाडीवरून पडलं हो पोरगं. म्या म्हणलं खेळू नगं, तर वाडीवाले म्हणून राहिले का तू न्हाई तर संघ न्हाई. तुमी घरचे, म्हणून सांगते.”

“माझ्या तोंडून न्हाई निघायचं, बाई,” सुदाम म्हणाला.

आणि बैलगाडी वळवून तो तडक फाट्यावर गेला. वाटेत त्याला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. वर्षभर ज्या घटकेची वाट पाहिली ती अशी आयती मुठीत आली होती. दिलेल्या शब्दाचं त्याला काही वाटलं नाही. पाय मोडणाऱ्याला कसला शब्द, असं त्यानं एकदा स्वतःला बजावलं आणि विषय मिटवला.

हॉटेलात त्या दिवशी सणासारखं वातावरण झालं. हात कितपत वर जातो, कुठं अडतो, पुढं जातो का, मागं जातो का, हे सुदामनं उभं राहून करून दाखवलं. लोकांनी ते पुन्हा पुन्हा करायला लावलं.

“उजव्याच हातावर बसतो मी,” तांड्याचा धिप्पाड खेळाडू देविदास म्हणाला. “पकडीत घ्यायचा, आन् मागून पिळायचा. मंग खाऊ दे भाकर डाव्या हातानं जलमभर.”

“शिट्टी झाली तरी सोडू नको,” सुदाम म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं ही खबर प्रेमदासला दिली. भावाचा चेहरा उजळेल म्हणून तो समोरच बसला होता.

“कोन्ता हात?” प्रेमदासनं विचारलं.

“उजवा.”

“देविदासला सांगितलं?”

“समद्याहिला सांगितलं. तू फकस्त येऊन खुर्ची टाकून बस.”

प्रेमदास काठी घेऊन उठला आणि रानाकडे निघाला. वर्षभरात तो इतका लांब पायी गेला नव्हता. पाय ओढत चाललेल्या भावाकडे पाहून सुदामला भरून आलं. जाऊ दे, वैऱ्याचं दुखणं आपल्या डोळ्यांनी बघू दे, असं त्याला वाटलं. त्यानं सोबत जायचंही टाळलं.

सामन्याच्या दिवशी बाळापूरचं मैदान माणसांनी भरून गेलं. सुदामनं प्रेमदाससाठी प्लॅस्टिकची खुर्ची अगदी रेषेलगत टाकली आणि स्वतः मागे उभा राहिला. सावळेवाडीचे सात जण ओळीनं आत आले. सुदामनं ते एकदा मोजले, दोनदा मोजले. शिवहार त्यात नव्हता. तो पलीकडे बापाशेजारी बसला होता आणि त्याचा उजवा हात सगळ्या जगाला दिसेल असा गळ्यात बांधलेला होता.

सामना म्हणजे नुसती फजिती झाली. तांड्यानं लोणावर लोण चढवले. भीमसिंग म्हातारा फेटा उडवत नाचला, खेमानं अंगावर गुलाल घेतला. एकटा सुदाम कोरडा ठणठणीत राहिला. जिंकायचं कुणाला होतं? त्याला शिवहारची किंकाळी ऐकायची होती. गर्दीतून वाट काढत तो पलीकडे गेला.

“काहून न्हाई उतरला?” त्यानं विचारलं.

शिवहारनं मान खाली घातली. उत्तर पुंजाजीनं दिलं.

“तुमचा भाऊ आलता रानात. म्हणला, उतरू नको, त्याहिला समदं ठावं झालं. न्हाई तर उतरलंच असतं पोरगं.” मग म्हातारा हळू आवाजात म्हणाला, “तुमी बोलणार न्हाई म्हणले होते, सुदामराव.”

सुदाम तिथून निघाला तो तरातरा प्रेमदासपुढे येऊन उभा राहिला.

“तू सांगितलं त्याला? ज्यानं तुझा पाय मोडला त्याला? माफ केलं काय तू?”

“न्हाई,” प्रेमदास म्हणाला. “माफ न्हाई करणार. तो रडला माझ्यासमोर, तवाबी तेच सांगितलं. हात बरा कर, धडधाकट हो, म्हणलं. तुझं काय करायचं ते मी ठरवीन. उद्या ठरवीन न्हाई तर धा सालानं. तवर भेऊन राहा.”

“आन् आमी? समदा तांडा तुझ्यासाठी करून राहिला होता.”

“माझ्यासाठी?” प्रेमदासचा आवाज चढला नाही. “भिया, सालभर माझा गुडघा खेमाच्या बाकड्यावर मांडून तुमी भजे खाल्ले. आता त्याचा खांदा मांडला. तो मोडला असता तर आणखी एक साल पुरला असता तुला. पाय माझा गेला. दावाबी माझाच हाय. तो तू काहून वापरून राहिला?”

सुदामचा हात वर आला होता, तो त्यानं खाली घेतला. पोरं देविदासला खांद्यावर घेऊन नाचत त्यांच्या बाजूनं गेली, कुणीतरी सुदामच्या डोक्यावर गुलाल टाकला.

“गुडघा दुखतो का म्हणून तू मला एकदाबी इचारलं न्हाई,” प्रेमदास म्हणाला.

हे खरं होतं. शिवहारचा हात कुठवर जातो आणि कुठं अडतो हे सुदाम झोपेतसुद्धा करून दाखवू शकला असता. भावाचा पाय किती वाकतो, रात्री त्याला झोप लागते का, गिरणीत बसून बसून काय होतं, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. तो खुर्चीजवळ खाली बसला.

“दुखतो का?” त्यानं विचारलं.

“रोज,” प्रेमदास म्हणाला, आणि भावानं पुढे केलेला हात न धरता काठीच्या आधारानं उठला.