कडी बसली तेव्हा

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी कोठी आहे. शिरूर कासारच्या एका पत्रेवाल्यानं मला ठोकून घडवलं आणि सरस्वतीबाईंनी बैलगाडीतून घरी आणलं. दोन पोती ज्वारी माझ्या पोटात मावते. माझ्या झाकणाची कडी जराशा धक्क्यानं आपोआप कोयंड्यात बसते. "उंदराची काय टाप हाय हिच्यात शिरायची!" असं सरस्वतीबाई आल्यागेल्याला सांगायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्या कडीचा भारी तोरा होता.

आता सरस्वतीबाई नाहीत. त्यांचा मुलगा अभिमन्यू आणि सून करिष्मा दरवर्षी लेकरांना घेऊन ऊस तोडायला जातात. तेवढे सहा महिने मी रिकामी असते. यंदा सगळी परतली, तसा अभिमन्यू ज्वारी आणायला बाजारला गेला. करिष्मानं मला घासून धुतलं आणि झाकण उघडं टाकून अंगणात वाळत ठेवलं.

घरी आल्याच्या आनंदात पोरांना अंगण पुरत नव्हतं. सहा वर्षांची तेजश्री, चार वर्षांचा अजिनाथ आणि रांगता पप्पू. लपाछपीत तेजश्रीवर राज्य आलं. ती भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणू लागली, तसा अजिनाथ पालथ्या बादलीवर चढला, माझ्यात उतरला आणि त्यानं झाकण ओढून घेतलं.

कडी बसली.

आधी तो आत खुदुखुदु हसत होता. मग झाकण ढकलू लागला, मग रडू लागला. उन्हात माझा पत्रा तव्यासारखा तापतो. शेजारी धोंडीरामच्या खळ्यावर मळणी यंत्र घरघरत होतं, त्यात त्याचं रडणं कुणाला ऐकू येणार?

"मम्मे, अज्या सापडंना," तेजश्री म्हणाली.

"आसंल कुटंतरी. नीट बघ." करिष्मानं चुलीवरून नजर काढली नाही.

"लई हुडकलं. न्हाईच कुटं."

तेव्हा मात्र ती तव्यावरची भाकरी टाकून उठली. "अज्या! ए अज्या!" पप्पूला लिंबाच्या सावलीत बसवून तिनं हौदात वाकून पाहिलं. मग ती विहिरीकडे पळाली. जाताना तिचा पदर मला घासून गेला. इथंच आहे गं तो, असं मला ओरडायचं होतं. आतलं रडणं थांबलं होतं. मला माझ्या कडीची किळस आली.

तळाशी धान्य काढायला मला एक भोक आहे. त्याचं सरकतं झाकण गंजून बोटभर उघडंच राहिलेलं. त्या फटीतून अजिनाथची दोन बोटं बाहेर आली होती. पप्पू रांगत आला, त्यानं ती बोटं मुठीत धरली आणि खळखळून हसला.

करिष्मा विहिरीवरून परतली. "उनात काहून आलास रं सोन्या?" म्हणत ती त्याला उचलायला वाकली. तो मूठ सोडेना. त्या मुठीत तिला बोटं दिसली.

तिनं कडी हिसकून झाकण उघडलं. अजिनाथ लालबुंद, घामानं निथळत होता. सावलीत नेऊन पाणी मारल्यावर त्यानं डोळे उघडले.

"मम्मे, मी जिकलो का?"

"जिकलास रं माझ्या राजा," म्हणत ती रडत सुटली.

मग तिनं धोंडा घेतला आणि माझी कडी ठेचून काढली. मला दुखलं, पण बरंही वाटलं.

दुपारी अभिमन्यू आला, तेव्हा करिष्मा तिन्ही लेकरांना लिंबाखाली टबात न्हाऊ घालत होती. स्वतःही चिंब भिजली होती. उसाच्या फडात तिला पोरांकडे धड बघायलाही मिळत नसे.

"भाकरी न्हाई का?" त्यानं विचारलं.

"करपली. सांगते सगळं. आधी हितं बस."

मित्रांनो, भरल्या कोठीवर सगळ्यांचं लक्ष असतं, रिकामीकडे कुणी पाहत नाही. म्हणून कोठी रिकामी झाली, की ती पालथी घालून ठेवा. आणि लेकरं खेळत असली, की हातातलं काम कितीही घाईचं असो, मधूनमधून त्यांना हाक मारा. त्यांनी "ओ" दिली, की तो दिवस चांगला गेला म्हणायचा.