उगोची चादर

“बूट काढून झोप हं पोरी, चादर धुतलेली आहे.”

तोरिनो शहरातून तटबंदी बघायला आलेली बाई हसली. “पण आजी, मी परक्याच्या घरात जाऊन झोपू कशाला?”

“झोपू नकोस गं. जरा लोळ, उशीला खड्डा पाड नि ये. मग तुला बुरुजावरच्या बिनमुंडक्याच्या सरदाराची गोष्ट सांगते.”

हा सरदार एर्सीलियानंच जन्माला घातलेला. रोक्कामूता गावाच्या वेशीत खुर्ची टाकून बसायचं आणि डोंगर चढून दमलेल्यांना थापा मारायच्या, हा तिचा जन्माचा उद्योग. आधी सरदाराला मुंडकं होतं. पाहुण्यांना मजा येईना, म्हणून तिनं ते उडवलं.

आजची थाप मात्र तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. आज मृतांचा दिवस. घरोघरी पलंगावर स्वच्छ चादर घालायची, दार उघडं ठेवून चर्चला जायचं. लांबून आलेली आपली माणसं तेवढ्यात घटकाभर पाठ टेकतात. तिची मैत्रीण नुन्झिआता, तिचा मुलगा उगो नऊ वर्षांचा असताना तापानं गेला. पहिल्या वर्षी त्याच्या पलंगावर सुरकुतीसुद्धा पडली नाही. “रागावलाय गं माझ्यावर,” म्हणत नुन्झिआतानं अंथरूण धरलं होतं. तेव्हापासून दरसाल एर्सीलिया चर्चमधून हळूच निसटायची आणि त्या छोट्या पलंगावर मुटकुळं करून लोळून यायची. यंदा तो चढ काही तिला चढवेना, म्हणून तिनं या बाईला गळ घातली होती.

बाई धुक्यात वर गेली आणि लगेच परत आली.

“आजी, तिथं कोणीतरी झोपलंय.”

“कोण झोपणार? सगळा गाव चर्चमध्ये आहे!”

“डोक्यावरून पांघरूण घेतलंय. पाय पलंगाबाहेर आलेत. मी हळूच दार लोटून आले.”

“ए, मला थापा मारू नकोस. या गावात त्या मी मारते.”

बाई हसली नाही. सरदाराची गोष्ट न ऐकताच डोंगर उतरून गेली.

हिनं अंग चोरलं, एर्सीलियाला वाटलं. एवढ्यात चर्चची घंटा झाली. आता नुन्झिआता घरी जाणार, ती कोरी चादर बघणार. एर्सीलिया काठी घट्ट धरून बसून राहिली.

थोड्या वेळानं नुन्झिआता वरून धावतच आली. डोक्यावरचा रुमाल कुठं पडला होता कोण जाणे.

“एर्सीलिया! आला होता गं! आणि केवढा वाढलाय! चादर पार पायथ्यापर्यंत चुरगळलीय. इतकी वर्षं बिचारा मुटकुळं करून झोपायचा, मला मेलीला कळलंच नाही! पुढच्या वर्षी त्याच्या बापाचा पलंग लावते.”

“लाव,” एर्सीलिया म्हणाली.

“आणि तुझा गास्पारे? आला का?”

“तो? जिवंतपणी तरी कधी वेळेवर आला होता?”

दोघी हसल्या. दरसाल एर्सीलिया आपलीही चादर स्वतःच चुरगळायची आणि नवरा कसा घोरत होता ते नुन्झिआताला रंगवून सांगायची. यंदा तिनं चादर नुसती घातली होती. हात लावला नव्हता.

भिंतीला धरत ती वेशीलगतच्या आपल्या घरी आली. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आपण ते असंच ठेवलं होतं का, तिला आठवेना.

ती उंबऱ्यावर टेकली. वाकताना गुडघा कळवळला, तरी तिनं दोन्ही बूट काढले आणि आवाज होऊ नये म्हणून हातात धरले.