वळणावरचे दोन दिवे

गाडीत बसताच एव्हान्थियाने लेकाचा फोन काढून घेतला. "स्तामातिस, कालामाताचा घाट आहे. रस्त्याकडे बघ. तुझ्या बाबांचं लक्ष कुठे होतं, देव जाणे."

वळणावर अपघातात गेलेल्यांसाठी घरच्यांनी उभारलेली दोन पत्र्याची देवघरं होती. एक बाबांचं, शेजारचं जुनं काकांचं. स्तामातिसने स्टिअरिंगवरचा हात काढून छातीवर क्रूसाची खूण केली.

"दिवा जळतोय का बघ रे," आई सवयीने म्हणाली.

त्याने मान वळवली. समोरून ट्रकचा हॉर्न कडाडला. त्याने करकचून ब्रेक दाबला, गाडी दरीच्या काठावर थांबली.

हँडब्रेक ओढून त्याने विचारलं, "आई, बाबा त्या दिवशी काय बघत होते गं?"

तिची नजर जुन्या देवघरावर खिळली होती.

"तुझ्या काकांचा दिवा."