सासऱ्यांचा उजवा पाय

गाडी शिकवायला असा गुरू वैऱ्यालाही मिळू नये. तीस वर्षं ट्रक चालवलेले सासरे सुनेच्या शेजारी बसले की तोंडाचा पट्टा सुरू. "डावीकडे घे. अगं, डावीकडे! आरशात बघ. स्वतःला नव्हे, मागचं बघ!" समोर फोनवरचा बाण भलतीकडेच वळायचा. सून दोघांनाही 'हो हो' करायची, आणि तरी गाडी नेमकी वेळेवर थांबायची. "पोरीचा हात बसला," असं सासरे गल्लीभर सांगत सुटले.

फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवायची नोकरी तिला मिळाल्यातच जमा होती. महिनाअखेर परवाना हवा, एवढीच अट. आणि परीक्षेत फजिती झाली. परीक्षक शांतपणे म्हणाले, "सायकलवाला आलाय, थांबा." तिनं ऐकलं, सायकलवालाही पाहिला, पण नजर गेली ती परीक्षकांच्या बुटांकडे. बूट जागचे हलले नाहीत, तसा तिचा पायही हलला नाही. शेवटी परीक्षकांनीच हँडब्रेक ओढला. आता महिनाअखेरीआधी एकच संधी उरली होती.

"बाबा, सगळं तुमच्या पायामुळे झालं," ती घरी येऊन रडकुंडीला आली.

"माझ्या पायानं काय घोडं मारलंय?"

"तुमच्या बाजूला ब्रेक नाही, तरी तुम्ही दाबता. तोंडातून शब्द यायच्या आत उजवा पाय खाली. मी तुमचं ऐकतच नव्हते हो, पाय बघून गाडी थांबवत होते."

सासरे ओशाळून पायाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते सीटवर चक्क मांडी घालून बसू लागले. हाताची घडी, तोंडाला कुलूप. दोन दिवस तिला दरदरून घाम फुटला. मग नजर हळूहळू वर आली, रस्त्यावर ठरली.

परीक्षेला जाताना समोरचा टेंपो अचानक थांबला. तिचा पाय आपसूक ब्रेकवर गेला, गाडी अलगद थांबली. शाबासकीसाठी तिनं शेजारी पाहिलं, तर मान कललेली, मांडी तशीच, आणि सासरे चक्क घोरत होते. सख्ख्या मुलाच्या गाडीतही या माणसाचा कधी डोळा लागला नव्हता. तिला एकदम भरून आलं.

मैदानावर पोचल्यावर परीक्षकांनी काचेवर टकटक केली. तिनं काच जराशी खाली केली.

"दोन मिनिटं द्या ना साहेब," ती कुजबुजली. "माझ्या गाडीत झोपलेत ते."